देवगिरी: वेरूळच्या वाटेवर दोन तास, की पूर्ण दिवस?

पायवाट
मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून संभाजीनगरला निघतोय. मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, काही त्यांचा पाहून झालेला नाही. दर वेळी काही ना काही आडवं आलं.

गाडीवाल्याने आखून दिलेला बेत असा: सकाळी आठला देवगिरी, दहाला खाली. मग खुलताबाद, भद्रा मारुती, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, आणि परतताना बीबी का मकबरा. सगळं एका दिवसात. "किल्ल्यात बघण्यासारखं दीड तासाचंच आहे साहेब, वर कुणी जात नाही," असं तो ठामपणे म्हणाला.

बाबांना हा बेत वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, नुसती चष्म्याची काच पुसत बसले. म्हणून इथे विचारतोय. देवगिरीला पूर्ण दिवस द्यावा का? आणि ७१ व्या वर्षी बालेकिल्ल्यापर्यंत जाता येईल का? गुडघे ठीक आहेत, रोज तीन किलोमीटर फिरतात. अंधेरीची, म्हणजे वर जाणाऱ्या त्या काळोख्या भुयारी वाटेची, मात्र मला धास्ती वाटते.

कोरांटी
दोन तासांत चांदमिनार बघून, फोटो काढून, पाणी पिऊन परत. देवगिरी नाही बघून होणार. बेत बदला.

दगडफूल
पायवाट, तुमच्या बाबांनी न बोलता उत्तर दिलंय!

मी आजवर सहा वेळा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा किल्ला खालून वर, बाहेरून आत असाच बघायचा असतो. आधी अंबरकोट, म्हणजे जुन्या शहराची तटबंदी. वेरूळकडे जाणारी आपली गाडी तिच्या वेशीतून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याच्या आत महाकोट, जिथे आपण तिकीट काढून शिरतो. मग काळाकोट. त्यानंतर खंदक आणि खंदकापलीकडे तो उभा डोंगर. प्रत्येक टप्प्यावर आपण शत्रू आहोत असं समजून चालायचं आणि स्वतःला विचारायचं, आता माझा जीव कुठून जाईल? उत्तर दर वळणावर समोर दिसतं.

महाकोटाचा पहिला दरवाजा ओलांडला की समोर दुसरा दरवाजा सरळ रेषेत नाही. वळावं लागतं. त्या वळणात चारी बाजूंनी उंच भिंती, वर चर्या, बाजूला पहारेकऱ्यांच्या देवड्या. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार लोखंडी खिळे. बोट लावून बघा, धार अजून जाणवते. बहुतेक लोक इथे देवड्यांत मांडून ठेवलेल्या तोफांवर मुलं बसवून फोटो काढतात आणि पुढे पळतात. मी म्हणतो, इथे दहा मिनिटं मान वर करून नुसतं उभं राहा.

डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सुमारे ५० मीटरचा सरळ कडा केलाय. भिंत बांधलेली नाही, डोंगरच भिंतीसारखा तासलाय. बेसॉल्ट काय चीज आहे हे ज्याने कधी घराच्या पायासाठी पहार मारली असेल त्याला कळेल. इथे पहारेनंतर छिन्नी, आणि छिन्नीनंतर पुन्हा छिन्नी. वर चढायला पालीलाही धर मिळू नये इतका तो कडा गुळगुळीत आहे. वेरूळचं कैलास ज्या मातीतल्या माणसांनी डोंगरातून सोडवून काढलं, त्याच मातीत ही दुसरी करामत आहे. दोन्ही ठिकाणं जेमतेम पंधरा किलोमीटरच्या अंतरात. म्हणून दोन्ही एका दिवसात बघू नयेत, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. एका डोळ्याने दोन सूर्य बघता येत नाहीत.

निवांत
दगडफूलदादा, तुमचं प्रेम मान्य, पण सगळ्यांचे पाय तुमच्यासारखे नसतात. आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो. दगड तापलेले, अंगाची लाही लाही. मुलगी चांदमिनारापाशीच रडायला लागली. सासूबाई भारतमातेच्या देवळात सावलीला बसल्या त्या उठल्याच नाहीत. आम्ही दीड तासात बाहेर पडलो आणि वेरूळला कैलास मनसोक्त बघितलं. मला त्याची अजिबात खंत नाही. घरच्यांना घेऊन जाताना वेळ आणि ताकद कुठे खर्चायची हे ठरवावंच लागतं. माझं मत कैलासला.

कोरांटी
निवांतताई, मे महिन्यात मराठवाड्यात दगडाचा किल्ला? सासूबाई बसल्या तेच शहाणपण.

निवांत
हो, तेही खरंच! शाळेची सुट्टी तेव्हाच असते, काय करणार.

उंबरठा
पायवाट, वयाबद्दल मी सांगते. मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले, ती तेव्हा ६८ वर्षांची. दार उघडताना आत गेलो, थंडीचे दिवस होते. चिनी महालापर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे, मधे थोडा चढ. हत्ती हौद, भारतमातेचं देऊळ, चांदमिनार, चिनी महाल आणि मेंढा तोफ एवढं तिने आरामात केलं. तोफेच्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, तिथे हात द्यावा लागला.

खरी परीक्षा खंदकानंतर सुरू होते. अंधेरीत पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. मुद्दामच तशा केल्यात, म्हणजे अंधारात पाय चुकावा. वटवाघळांचा वास इतका उग्र असतो की आईला मळमळायला लागलं. आम्ही बाहेर आलो आणि बाजूने नंतर काढलेल्या पायऱ्यांच्या वाटेने वर गेलो. ती उघड्यावर आहे, दम लागला तर थांबता येतं. अंधेरी न करताही वर जाता येतं, हे बरेच जणांना माहीत नसतं. गणपतीच्या देवळापाशी आई अर्धा तास बसली, मग बारादरीपर्यंत, म्हणजे वरच्या जुन्या महालापर्यंत आली. त्याच्या पुढे वर गेली नाही. तिथल्या वाऱ्यात बसून म्हणाली, "एवढं पुरे. इथून सगळं दिसतंय."

उतरताना गुडघे जास्त बोलतात. काठी न्याच. आणि हातात खाण्याची पिशवी अजिबात नको. माकडं पाहत बसलेली असतात.

तोफखाना
मेंढा तोफेवर कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं घडवलंय, शिंगांची वळणंसुद्धा स्पष्ट. म्हणून मेंढा. तिच्यावरच्या कोरीव फारसी लेखात तिचं नाव किला शिकन आहे, म्हणजे किल्ला फोडणारी. ती मधल्या खुंटावर बसवलेली असल्यामुळे फिरवता येते. मुलाला हे जरूर दाखवा. तोंडापाशी उभं राहून बघितलं तर दिसतं की ती वळवून चारी बाजूंचा मुलूख धाकात ठेवता येत होता.

अगदी शिखरावर आणखी एक तोफ आहे, धूळधाण. नावातच सगळं आलं. एवढं अवजड धूड त्या चढावरून वर नेलं कसं असेल, हा विचार मला दर वेळी तिथे गप्प करतो.

बखरवाला
दगडफूल, रचनेबद्दल तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं. पण "अजिंक्य किल्ला" हे लोकांच्या तोंडचं वाक्य मला खटकतं. किती वेळा पडला बघा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामदेवरायाचं मुख्य सैन्य त्याचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होतं. राजाने किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटी तह करून अमाप संपत्ती द्यावी लागली. १३०७ मध्ये खिलजीचा सेनापती मलिक काफूर. १३१८ मध्ये रामदेवरायाचा जावई हरपालदेव याला हालहाल करून मारलं आणि यादवांचं राज्य संपलं. १६३३ मध्ये मुघलांच्या महाबतखानाने निजामशाहीकडून घेतला. एवढ्या वेळा हातातून गेलेला किल्ला अजिंक्य कसा?

दगडफूल
बखरवाला, पडला हे खरं, पण कसा पडला ते बघा ना. कड्यावर शिडी लावून, अंधेरीतून लढत वर जाऊन कुणी घेतलाय का? १६३३ चंच घ्या. महाबतखानाने बाहेरच्या कोटांखाली सुरुंग उडवले, एकेक कोट घेतला, पण बालेकिल्ला शेवटी उपासमारीमुळे द्यावा लागला. मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान खाली उतरला आणि त्याने किल्ला हवाली केला. दगड हरला नाही, कोठार हरलं.

आणि १२९६ ची ती मिठाच्या पोत्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. घाईघाईने धान्य म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ.

बखरवाला
मिठाची गोष्ट फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिली, आणि तो प्रसंगानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. त्यामुळे मी ती गोष्ट म्हणूनच सांगतो. पण तुमचा मुद्दा मला पटला. रसद हाच या किल्ल्याचा मर्मबिंदू. पुढच्या वेळी वर गेलो की कोठारं शोधत हिंडेन.

उंबरठा
मिठाची पोती खरी असोत की नसोत, माझी आई ती गोष्ट ऐकल्यापासून घरातला प्रत्येक डबा नाव लिहून ठेवते.

हिशेबनीस
मी पेशाने सीए, म्हणून देवगिरी माझ्यासाठी वेगळ्याच कारणाने तीर्थ आहे. संत एकनाथ लहान वयात पैठणहून इथे आले ते जनार्दनस्वामींकडे. स्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. सुलतानी अमलातला अधिकारी, आणि दत्तभक्त. गुरुवार त्यांच्या उपासनेचा, म्हणून गुरुवारी किल्ल्याच्या कचेरीला सुट्टी असे अशी परंपरा सांगतात. त्यांनी नाथांना हिशेबाचं काम दिलं. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ समईच्या उजेडात रात्रभर वह्या चाळत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल!

मार्चअखेरीस ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसलो की मला ती टाळी ऐकू येते. शिखराजवळ कातळातल्या गुहेत स्वामींच्या पादुका आहेत. बारादरीच्या वर. उंबरठाताईंच्या आई थांबल्या तिथून थोडंच पुढे. पायवाट, तुमचे बाबा मराठी शिकवायचे ना? मग त्यांना तिथपर्यंत न्या. हळूहळू, बसत उठत, पण न्या.

पायवाट
हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या न्यायी राजाचा उल्लेख येतो तो रामचंद्र म्हणजे देवगिरीचाच रामदेवराव. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत खिलजी आला. दुसरी म्हणजे जनार्दनस्वामी आणि नाथ, दोघांचीही तिथी फाल्गुन वद्य षष्ठीच. एवढं बोलून ते कपाटातले जुने बूट शोधायला गेले.

गोवळकोंडेकर
मी हैदराबादचा मराठी माणूस, आमच्या दोन पिढ्या इथेच गेल्या. चिनी महालात मला जे वाटलं ते लिहितो.

गोवळकोंड्याला आम्ही पाहुण्यांना नेतो तेव्हा फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवतो आणि वर बालाहिसारला ती ऐकू येते. तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा. औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला, किल्ला हटेना. शेवटी १६८७ मध्ये आतल्याच माणसाने फितुरीने दार उघडलं. तानाशहाला कैद करून देवगिरीवर आणलं आणि चिनी महालात ठेवलं. उरलेलं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. महालाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे उरलेत, त्यांवर तिरपं ऊन पडलं होतं. बाकी भिंत उघडी. एक निळा तुकडा हाताएवढा होता, त्याच्या कडेला अजून चुना चिकटलेला. मनात आलं, हा माणूस रोज हीच निळाई बघत बसला असेल. ज्याच्या किल्ल्यात टाळी शिखरापर्यंत पोचायची, त्याचा आवाज इथून कुठेच पोचत नव्हता. मी टाळी वाजवणार होतो, पण हात उचलला नाही. खुलताबादला त्याची कबर आहे. औरंगजेबाचीही तिथेच.

खादाड_मराठवाडा
एवढ्या गंभीर चर्चेत घुसतो, माफ करा, पण पोटाचं कुणी बोलेना! दौलताबादचं सीताफळ खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही. किल्ल्यासमोर रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बाया बसतात. डिसेंबरात सीताफळाचा हंगाम सरत आलेला असतो, पण पेरू जोरात असतात. आणि रात्री शहरात नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून इथे आणली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हे जेवण आलं, असं इथले लोक सांगतात. राजधानी परत गेली, खलिया राहिला. आम्हाला हा सौदा मान्य आहे!

कोरांटी
बाबा शाकाहारी असतील तर?

खादाड_मराठवाडा
तर ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. त्याला कुणाच्या लष्कराची गरज नाही.

दगडफूल
तुघलकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, किल्ल्यावरून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. हातकागद बनवणाऱ्यांचं गाव. त्या काळात आलेल्या कारागिरांचा हा वारसा. लगदा चाळणीवर पसरून ताव उचलताना बघायला मिळाला तर मुलगा वर्षभर सांगेल. शहरातलं हिमरूचं विणकामही त्याच स्थलांतराशी जोडतात. दिल्लीचे लोक हाकलून आणले यावर आपण हसतो, पण त्यांनी इथे काय काय रुजवलं ते मोजायचं राहून जातं.

तुघलकाच्या काळात इब्न बतुता हा परदेशी प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहिलंय की या खडकावरच्या किल्ल्यात चामड्याच्या शिडीने जातात आणि रात्री ती वर ओढून घेतात. कैदखान्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, असंही त्याने लिहिलंय.

निवांत
उंदरांचं आधी सांगितलं असतं तर मुलगी रडायची थांबली असती. तिला असल्या गोष्टी फार आवडतात.

सिंदखेडची_लेक
बराच वेळ वाचत होते. तोफा, उंदीर, सीताफळ सगळं आलं, पण एक नाव कुणीच घेतलं नाही.

लखुजीराव जाधव. जिजाऊंचे वडील. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. २५ जुलै १६२९ ला याच किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, मुजऱ्याला गेलेल्या लखुजीरावांना दगा करून मारलं. बरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव. एका दिवसात एका घरातली चार माणसं. जिजाऊ तेव्हा तरुण होत्या आणि शिवरायांचा जन्म पुढच्याच वर्षी शिवनेरीवर झाला. पोटात बाळ वाढायच्या सुमाराला माहेर कापलं गेलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा निजामशाही वाड्याच्या पडक्या भिंतींपाशी बराच वेळ उभी होते. तो दरबार नेमका कुठल्या चौकात भरला होता, ते कुणाला विचारू कळेना. आमच्याबरोबरचा वाटाड्या सरस्वती विहीर, भुयार, हत्ती असं सगळं भराभर सांगत होता. मी लखुजीरावांचं नाव घेतलं तर म्हणाला, "ते सिंदखेडला, ताई." मी भांडले नाही. खाली वाकून जमिनीला हात लावला. आमच्याकडे माहेराला जाऊन आल्यावर करतात तसा.

पायवाट, तुमच्या मुलाला हे सांगा. दहा वर्षांचा आहे, समजेल त्याला.

तोफखाना
ताई, नमस्कार. आठ वेळा गेलोय, हे मला तिथे कधीच सुचलं नाही. पुढच्या खेपेस तिथे थांबेन.

बखरवाला
मीही. आणि त्याच धाग्यात एक जोडतो. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने जो मुलूख पेशव्यांना दिला त्यात देवगिरीही होता. भगवं निशाण काही काळ तिथे होतं.

चुनखडी
एक तक्रार मांडायची आहे. बारादरीच्या भिंतींवर, अंधेरीच्या तोंडाशी, जिथे हात पोचेल तिथे नावं कोरलेली आहेत. बदामाचे आकार आणि तारखा. शहाजहानच्या काळातली ती बारादरी, गुळगुळीत गिलावा, आणि त्यावर किल्लीने ओरखडे. मी वास्तू-संवर्धनाचं काम करते. गिलाव्यावरचा ओरखडा म्हणजे पाण्याला दिलेली वाट. पहिल्या पावसाळ्यात ओल शिरते, दुसऱ्यात फुगते, तिसऱ्यात खपली पडते. मग लोक म्हणतात, सरकार काळजी घेत नाही. एकदा एका शाळेची सहल आली होती, त्यातली दोन मुलं कोरत होती आणि बरोबरचे शिक्षक मोबाइलवर बोलत होते. मी मुलांजवळ बसले आणि त्यांना गिलाव्यातलं बोटाएवढं भोक दाखवलं, आतला ओला चुना चिमटीत धरून दाखवला. त्यातल्या एकाने स्वतःहून कंपासपेटीत कर्कटक परत ठेवलं. रागावून झालं नसतं.

उंबरठा
चुनखडी, हे शाळांच्या सहलीआधी वर्गात सांगायला हवं. माझ्या मुलाच्या वर्गात तुम्ही याल का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

चुनखडी
येईन. नक्की.

कोरांटी
धागा भरकटला, पण छान भरकटला. पायवाट, काय ठरलं?

पायवाट
ठरलं! गाडीवाल्याला सांगितलं, पहिला दिवस फक्त देवगिरी आणि कागजीपुरा. वेरूळ दुसऱ्या दिवशी. दुसरा दिवस मंगळवार येत नाही ना ते आधी बघितलं, वेरूळ मंगळवारी बंद असतं. बीबी का मकबरा तिसऱ्या दिवशी, निघताना. आल्यावर लिहितोच.

पायवाट
मंडळी, आलो. तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला.

दार उघडलं तेव्हाच आत गेलो. धुकं होतं. दगडफूलदादा सांगतात तसं पहिल्या दरवाज्याच्या वळणात मान वर करून उभे राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण मेलो ना इथे?" मी म्हटलं, हो. मग तो पुढच्या प्रत्येक वळणावर कोण कुठून मारेल ते सांगत सुटला. त्याला काहीच समजवावं लागलं नाही.

हत्ती हौदाच्या काठावर बाबांनी त्याला पावलांनी लांबी मोजायला लावली. भारतमातेच्या देवळात ते खांबांमधून फिरले. पूर्वी इथे १३१८ ची मशीद, तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे, आणि १९४८ नंतर भारतमातेची मूर्ती. खांबावरच्या अर्धवट पुसलेल्या घंटेच्या नक्षीवरून त्यांनी तळहात फिरवला. चांदमिनारापाशी बायको रमली. १४४५ चा, साठ मीटरहून उंच, वर आता जाऊ देत नाहीत.

चिनी महालात गोवळकोंडेकरांचा निळा तुकडा शोधला. बहुतेक तोच सापडला, कडेला चुना होता. निजामशाही वाड्यापाशी मी मुलाला लखुजीरावांचं सांगितलं. तो आधी काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "जिजाऊंना कुणी सांगितलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. बाबांनी त्याला जवळ घेतलं. आम्ही तिघांनी जमिनीला हात लावला.

खंदकावरून खाली बघितलं तर जुना दगडी पूल दिसतो, मधोमध खाली उतरणारा. पाणी वाढवलं की तो बुडायचा म्हणे. बाबांना उघड्या पायऱ्यांनी नेलं आणि मी मुलाला घेऊन अंधेरीत शिरलो. टॉर्च मुद्दाम दोन मिनिटं बंद केला. काही दिसत नव्हतं, वटवाघळांची फडफड आणि पोराचा श्वास एवढंच. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. वर बाहेर पडलो तर बाबा गणपतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून आमची वाट बघत होते. आमच्या आधी पोचले होते!

बारादरीत तासभर बसलो. मग बाबा उठले. "चला, किल्लेदारांना भेटून येऊ," म्हणाले. शेवटच्या चढाला सात वेळा बसले, मुलाने मोजलं. गुहेत गेल्यावर त्यांनी बूट काढले, पादुकांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग उठून त्यांनी एकदा टाळी वाजवली. एकच. कातळात ती मोठी घुमली. मुलगा दचकला, मग त्यानेही वाजवली.

उतरायला अडीच तास लागले, काठी फार उपयोगी पडली. उंबरठाताई, धन्यवाद. दोन दिवस बाबांच्या पोटऱ्या आखडल्या होत्या, आता ठीक आहेत.

हिशेबनीस
ती टाळी वाचून डोळे भरून आले हो.

निवांत
माझं मत बदललं. या जानेवारीत मुलीला घेऊन परत जातेय. सासूबाईही येतो म्हणाल्यात.

खादाड_मराठवाडा
पेरू खाल्ले का?

पायवाट
दोन किलो. एक किलो किल्ल्यासमोरच संपले. आणि कळवायचं राहिलं, बाबांनी शाळेतल्या जुन्या दोन सहकाऱ्यांना फोन लावलाय. फाल्गुन वद्य षष्ठीला तिघं एसटीने जाणार आहेत. मला येऊ नको म्हणालेत.